नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या

पत्र

नमस्कार. घरात खिडकीपाशी वीस लिटरच्या टबमध्ये हायड्रोपोनिक, म्हणजे मातीविना पाण्यात वाढवण्याच्या पद्धतीने लेट्यूस आणि पुदिना लावला आहे. टबात एअर पंप आहे, वर एलईडी दिवा. पहिले तीन आठवडे सगळं झकास चाललं होतं. आता लेट्यूसची मधली नवी पानं पिवळी निघतायत, पण त्यांच्या शिरा हिरव्याच आहेत. खालची एकदोन पानंही पिवळी होऊन गळतात. खत कमी पडत असेल म्हणून ‘अ’ आणि ‘ब’ बाटलीचा डोस दुप्पट केला. फरक पडला नाही. कुणीतरी एप्सम सॉल्ट सुचवलं, तेही दोन चमचे टाकलं. तरी तेच. टीडीएस पेन आता १४०० दाखवतंय. नळाचं नुसतं पाणीच ४५० दाखवतं. पीएच सुरुवातीला तपासला होता, तेव्हा ६.२ होता. पंपाचा आवाज फार होतो म्हणून रात्री बंद करते. मुळांची टोकं जराशी तपकिरी दिसतात. आता आणखी काय टाकू? आणि ही पिवळी पानं खाल्ली तर चालतील का?

उत्तर

आणखी काय टाकू, याचं उत्तर आधी देऊन टाकतो: काहीही नाही. तुमच्या टबात खताचा तुटवडा नाही, उलट गरजेपेक्षा जास्तच झालंय. लेट्यूसपुढे ताट भरून वाढलंय, पण त्याला जेवता येत नाहीये. का जेवता येत नाही, त्याची दोन कारणं तुमच्या पत्रातच आहेत: पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा किती अल्क याचं माप, सुरुवातीनंतर पुन्हा मोजलेलं नाही, आणि पंप रात्री बंद असतो.

पान पिवळं दिसलं की खत घालायचं, ही सवय मातीतल्या बागेतून आलेली. मातीत ती फारशी अंगाशी येत नाही, कारण माती बरंच काही धरून ठेवते आणि सावकाश सोडते. पाणी असं काही सांभाळून घेत नाही. टबात आज ओतलेलं तासाभरात थेट मुळाला जाऊन भिडतं. म्हणून बाटलीला हात लावण्याआधी झाड नीट बघायचं, आणि पहिला प्रश्न विचारायचा: पिवळेपणा कुठून सुरू झाला, जुन्या पानांतून की नव्या?

नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही झाडाच्या अंगात हलवता येणारी द्रव्यं. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून घेतं आणि कोवळ्या शेंड्याकडे पाठवतं. त्यामुळे खालची पानं आधी पिवळी होतात आणि वरची बराच काळ ठणठणीत दिसतात. लोह, कॅल्शियम, मँगनीज, बोरॉन यांचं उलटं आहे. ही द्रव्यं एकदा पानात बसली की तिथून फारशी उठत नाहीत. पुरवठा थांबला तर जुनी पानं हिरवीगार राहतात आणि नवीन येणारं प्रत्येक पान उपाशी जन्माला येतं.

तुमच्या लेट्यूसचं हेच झालंय. मधलं एक कोवळं पान उजेडासमोर धरून बघा. शिरांची बारीक हिरवी जाळी आणि मधल्या चौकटी लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्या दिसत असतील, तर ती लोहाची कमतरता. शेतात केवडा पडला म्हणतात, तोच हा. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये युझेब ग्री यांनी पिवळ्या पडलेल्या द्राक्षवेलींच्या पानांवर लोहाचे क्षार लावले आणि पानं पुन्हा हिरवी झालेली दाखवली. म्हणजे दुखणं जुनं आहे आणि चांगलं ओळखीचंही आहे.

एप्सम सॉल्टचा सल्ला देणाऱ्याचा घोटाळा कुठे झाला तेही कळतं. मॅग्नेशियम कमी पडलं तरी शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असंच चित्र दिसतं. पण ते खालच्या, जुन्या पानांवर. नुसत्या शिरा बघून औषध दिलं तर हमखास चुकतं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. तुमचे दोन चमचे अंदाजे दहा ग्रॅम धरले, तर वीस लिटर पाण्यात त्यातून लिटरला जवळजवळ ५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम गेलं. लेट्यूसच्या नेहमीच्या द्रावणात एकूण मॅग्नेशियमच साधारण तेवढं असतं. वर खताचा डोसही दुप्पट. एवढं जादा मॅग्नेशियम मुळाच्या दाराशी कॅल्शियमची वाट अडवतं, आणि मग आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपायला लागतात. तसं अजून दिसत नसेल तर वेळेत लिहिलंत.

आता मुख्य गोष्ट, लोह गेलं कुठे? ते तुमच्या खतात आहेच. पण लोह पाण्यात विरघळलेलं राहणं पीएचवर फार अवलंबून असतं. पीएच एका अंकाने चढला की सुट्या फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घसरते. म्हणून खतात ते चिलेट करून, म्हणजे एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत धरून घातलेलं असतं. ही पकड किती मजबूत, ते चिलेटच्या प्रकारावर ठरतं. ईडीटीएची पकड साधारण साडेसहाच्या आसपास ढिली पडू लागते, डीटीपीए सातच्या थोडं वरपर्यंत तग धरतं, ईडीडीएचए त्याहूनही बरंच पुढे जातं. तुमच्या बाटलीवर बारीक अक्षरात यातलं एखादं नाव असेल, बघून घ्या. ईडीटीए असेल आणि पीएच साडेसातवर गेला असेल, तर कोडं तिथेच सुटलं.

आणि पीएच चढला असणार, याबद्दल मला फारशी शंका नाही. नळाचं पाणी ४५० दाखवतंय, म्हणजे ते बहुधा जड, कॅल्शियमसारख्या क्षारांचं आहे. अशा पाण्यात कॅल्शियमबरोबर सहसा बायकार्बोनेट भरपूर असतं, आणि ते पीएचला सतत वर ढकलतं. शिवाय हायड्रोपोनिक खतातला बहुतेक नत्र नायट्रेटच्या रूपात असतो. मुळं नायट्रेट शोषताना बदल्यात जे बाहेर सोडतात, त्यानेही आजूबाजूचं पाणी अल्कधर्मी होतं. झाड जितकं जोमाने वाढेल तितका पीएच वर. पहिले तीन आठवडे रोपं लहान होती, त्यांची भूकही लहान होती. नंतर पाणी भराभर कमी व्हायला लागलं असेल, तुम्ही नळाचं पाणी घालून टब भरत राहिलात, आणि दर खेपेला बायकार्बोनेटचा नवा हप्ता आत गेला. सुरुवातीच्या ६.२ ला आज काही अर्थ उरलेला नाही.

तपासून बघायचं असेल तर एक बादली नळाचं पाणी घ्या, पीएच डाउनने, म्हणजे पीएच उतरवणाऱ्या आम्लाने, ते ६ वर आणा, त्यात एअर स्टोन (पंपाच्या नळीचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडून रात्रभर बुडबुडे चालू ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. सकाळी तेच पाणी सातच्या वर पीएच दाखवत असेल, तर तुमचं पाणी दर आठवड्याला तुम्हाला कामाला लावणार. अशा वेळी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे अर्धं नळाचं आणि अर्धं आरओचं पाणी मिसळणं. पूर्ण आरओच्या नादी लागू नका. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतं, ते वेगळं घालावं लागतं, आणि तुमच्या नळात कॅल्शियम फुकट येतंय.

टीडीएस पेनबद्दल थोडं. ते पेन खरं तर ईसी, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि तिला एका ठरलेल्या आकड्याने गुणून पीपीएम, म्हणजे साधारण लिटरमागे मिलिग्रॅम, दाखवतं. काही पेनं ५०० ने गुणतात, काही ७०० ने. तुमचं १४०० म्हणजे पहिल्या पट्टीवर ईसी २.८ आणि दुसऱ्या पट्टीवर २.०. लेट्यूसला १.२ ते १.८ पुरतं, त्यामुळे कुठल्याही पट्टीने बघितलं तरी तुमचं द्रावण गरजेपेक्षा दाट झालंय. टोमॅटोला हे चाललं असतं, लेट्यूस कुरकुरतं. आणि हे लक्षात घ्या की पेनाला खत आणि नळातला क्षार यांत फरक कळत नाही. १४०० मधले ४५० तर खत घालण्याआधीचेच होते, त्यात आता एप्सम सॉल्टची भर. पेनावर आकडा मोठा दिसला म्हणजे झाडाला सगळं मिळतंय, असं अजिबात नाही.

आता पंप. आवाजाचा त्रास मला समजतो, पण मुळं रात्रीही श्वास घेतात. पान अंधारात ऑक्सिजन तयार करत नाही, आणि मुळांना तर तो सगळाच पाण्यातून घ्यावा लागतो. २० अंश तापमानाला पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. म्हणजे पाणी तापलं की साठा कमी होतो आणि त्याच वेळी मुळांची गरज वाढते. पंप बंद असताना वीस लिटरच्या टबात भरगच्च मुळं हा साठा बघता बघता संपवतात.

याचा लोहाशी थेट संबंध आहे. लेट्यूसचं मूळ लोह नुसतं ओढून घेत नाही. ते आधी आपल्या भोवतीचं पाणी आम्लधर्मी करतं, मग चिलेटमधल्या लोहाचं रूप बदलतं आणि मग ते आत घेतं. या सगळ्याला ऊर्जा लागते, आणि ऊर्जेला ऑक्सिजन. गुदमरलेल्या मुळासमोर बाजारातलं सगळ्यात महाग लोह ठेवलं तरी ते उचलण्याचं बळ त्याच्यात नसतं. पीएच दुरुस्त करून पंप रात्री बंदच ठेवलात, तर आठवडाभर थोडं बरं वाटेल आणि पुन्हा तेच.

आवाजावर उपाय आहे. बहुतेक पंपांचा आवाज पंपाचा नसतो, तो ज्या फळीवर ठेवलाय तिच्या थरथरण्याचा असतो. पंप जाड फोमच्या तुकड्यावर ठेवा किंवा दोरीने अधांतरी टांगा, फरक लगेच कळेल. टांगताना तो टबातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं चढून पंपात शिरतं. उंच ठेवणं जमत नसेल तर नळीला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, लावा.

मुळांची टोकं तपकिरी आहेत एवढ्यावरून घाबरू नका. चिलेटेड लोहाच्या लालसर रंगाने पांढरी मुळंही डागाळतात. खरी परीक्षा बोटांनी होते. एक मूळ चिमटीत धरून हलकेच खाली ओढा. टणक लागलं आणि जसंच्या तसं राहिलं तर तो नुसता डाग. वरचं आवरण मोज्यासारखं निसटून हातात आलं आणि मागे केसाएवढा दोरा उरला, तर ती मूळकूज. वासही घेऊन बघा. निरोगी टबाला फार तर ओल्या पाल्याचा वास येतो. कुजलेल्या मुळांची दुर्गंधी झाकण उघडताच येते. कूज असेल तर सडलेला भाग कात्रीने कापा, मुळं वाहत्या पाण्यात धुवा, टब आणि एअर स्टोन पातळ ब्लीचने धुऊन भरपूर पाण्याने खंगाळा. टबातलं पाणी २५ अंशांच्या वर जात असेल तर ही कूज पुन्हा पुन्हा येते. टब उन्हाच्या तिरिपेतून हलवा आणि बाहेरून पांढरं किंवा चकचकीत आवरण लावा. झाकणाच्या फटींतून आत उजेड जात असेल तर त्याही बुजवा, शेवाळं तिथूनच सुरू होतं.

मग या शनिवार-रविवारी बसून हे करा. जुनं द्रावण सगळं काढून टाका. त्यातलं काय जास्त, काय कमी, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि पाणी घालून ते पातळ करत बसण्यात अर्थ नाही. कुंडीतल्या झाडांना ते बरंच पाणी मिसळून घालता येईल. टब धुऊन अर्धं नळाचं, अर्धं आरओचं पाणी भरा. ‘अ’ बाटलीतलं घालून नीट ढवळा, मगच ‘ब’ घाला. दोन्हीचे अर्क थेट एकमेकांत कधीही ओतू नका, कॅल्शियम आणि फॉस्फेट-सल्फेट एकत्र येऊन पांढरा गाळ बसतो आणि तो झाडाच्या काही कामाचा नसतो. खत थोडं थोडं घालत पेनावर बघत जा. ५०० च्या पट्टीवर ७०० ते ७५०, किंवा ७०० च्या पट्टीवर हजाराच्या आसपास आलं की थांबा. एप्सम सॉल्टची पुडी कपाटात राहू दे.

पीएच सगळ्यात शेवटी, कारण खत घातल्यावर तो थोडा खाली येतोच. ५.८ ते ६.२ मध्ये आणायचा. फॉस्फोरिक आम्लाचं पीएच डाउन वापरा. लिंबाचं फूल (सायट्रिक आम्ल) किंवा व्हिनेगर पहिल्या दिवशी काम करतं, पण जंतू ते खाऊन टाकतात आणि पीएच पुन्हा वर जातो. आम्ल नेहमी पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच. काही थेंब, ढवळणं, पंधरा-वीस मिनिटं थांबणं, पुन्हा मोजणं. दुसऱ्या दिवशी तो थोडा चढलेला दिसेल, पुन्हा खाली आणा. पुढचे पंधरा दिवस दिवसाआड मोजा. पीएच पेन घेणार असाल तर बरोबर ४ आणि ७ चं बफर द्रावण, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण, घ्या आणि अधूनमधून पेन त्यात तपासत जा. न तपासलेलं पेन आत्मविश्वासाने खोटं बोलतं. त्यापेक्षा थेंब टाकून रंग बघायचा साधा किट बरा.

वेगळं लोह लागेल का? बहुधा नाही. ताज्या द्रावणात ते असेलच आणि आता ते मुळाला घेता येईल. पण नळाचं पाणी इतकं जड आहे की पुढे कधी तरी लागू शकतं, म्हणून हिशोब देऊन ठेवतो. ६ टक्के लोह असलेलं डीटीपीए किंवा ईडीडीएचए चिलेट घ्या, १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवा. या पाण्याच्या दर मिलिलिटरमध्ये ०.६ मिलिग्रॅम लोह आलं. त्यातलं ३३ मिली तुमच्या वीस लिटरच्या टबात घातलं की लोह लिटरला एक मिलिग्रॅमने वाढतं, आणि एका वेळी तेवढं पुष्कळ. बाटली अंधारात ठेवा, उजेडाने चिलेट तुटतं.

यापुढे टबात पाणी कमी झालं की आधी पेन बुडवा. आकडा चढलेला असेल तर झाडाने पाणी जास्त आणि खत कमी घेतलंय, तेव्हा नुसतं पाणी घाला. आकडा उतरला असेल तर पातळ द्रावण घाला. दोन आठवड्यांनी सगळंच बदला.

खालची एकदोन पानं गळतात त्यात मला काही वावगं दिसत नाही. सर्वांत जुनी पानं वरच्यांच्या सावलीत जातात आणि झाड त्यांना सोडून देतं. ती खुडून टाका, पाण्यात पडून कुजू देऊ नका. मात्र पिवळेपणा खालून वर चढत आला, शिरांसकट सगळं पान एकसारखं फिकं पडलं, तर ती नत्राची भूक असते. तेव्हा खत वाढवायचं. आणि पिवळे बारीक ठिपके दिसले तर पान उलटं करून बघा, ते कोळी नावाच्या बारीक किडीचं काम असू शकतं, त्याला खताने काही होत नाही.

पुदिन्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणजे तो मजेत असणार. त्याला थोडं दाट द्रावण मानवतं. पण त्याची मुळं टबभर पसरतात आणि शेजाऱ्याला जागा ठेवत नाहीत. पुढच्या लागवडीत त्याला स्वतंत्र टब द्या.

फरक कुठे बघायचा? पिवळ्या झालेल्या पानांवर डोळा ठेवून बसू नका. त्यातली काही हळूहळू हिरवी होतील, करपलेले भाग तसेच राहतील. आठवडाभराने मधून जे नवं पान फुटेल, त्याचा रंग बघा. ते हिरवं निघालं तर काम झालं. तेही पिवळं निघालं तर पीएचचे आकडे, पेनाची पट्टी आणि मुळांचा चिमटीचा निकाल घेऊन पुन्हा लिहा.

आणि हो, पानं खायला हरकत नाही. लोहाच्या कमतरतेने पिवळं पडलेलं पान विषारी होत नाही, फार तर बेचव लागतं. बुळबुळीत झालेली आणि कुजकट वासाची तेवढी टाकून द्या. लेट्यूसचा मधला दांडा उंच वाढायला लागलेला दिसला, तर मात्र त्या रोपावर यातला एकही उपाय करू नका. ते फुलावर चाललंय, पानं कडू होणारच. ते उपटा आणि त्या नेट पॉटमध्ये (जाळीच्या कुंडीत) नवं रोप बसवा.